वहिनीने पास केलेली पावडर

ज्या दोन बायकांच्या भरवशावर मला श्वास घ्यायचा होता, त्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. एक माझी धाकटी बहीण, दुसरी माझी बायको. दोघींची भाषा एक, कंपनी एक, पगाराची तारीख एक, आणि दोघींना जोडणारा माणूसही एकच, तो म्हणजे मी. तरी बोलणं नव्हतं. भांडण झालं होतं असंही नाही. भांडण झालं असतं तर निदान मिटलं तरी असतं.

मी मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मेकॅनिक आहे. थंडी तयार करायला आमच्याकडे अमोनिया वापरतात. तो दिवसरात्र पाइपांतून फिरतो आणि जुना जोड सापडला की बाहेर डोकावतो. थोडा असला तर डोळे चुरचुरतात, जास्त असला तर छाती कुणीतरी पिळतंय असं वाटतं. मागे एकदा मशीनरूममध्ये सील फुटलं. तोंडावर मास्क होता, पण मास्कला पुढे वायू शोषून घेणारा जो डबा लावतात तो ऐन वेळी संपला. दारापर्यंत मी रांगत गेलो. वाचलो, पण तेव्हा खोकला जो मुक्कामाला आला तो गेलाच नाही. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असा दणका बसला तर फुफ्फुसं साथ देणार नाहीत, नोकरी बदला. या वयात मला दुसरी नोकरी कोण देणार, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

आमच्या कंपाउंडला लागूनच मास्क बनवणारी कंपनी आहे. धाकटी तिथे मागच्या शेडमध्ये नवे पदार्थ तयार करते. बायको पुढच्या इमारतीत एक्स-रेची खोली सांभाळते. माणसांच्या हाडांचा नव्हे, पावडरींचा एक्स-रे. माझ्या नाकात नळ्या होत्या तेव्हा धाकटी कॉटच्या एका बाजूला उभी राहून म्हणाली, "दादा, तुझ्या मास्कचा डबा आता मी करणार." दुसऱ्या बाजूने बायको म्हणाली, "आणि मी तपासल्याशिवाय तो ह्याच्या तोंडाला लागणार नाही." ऐकून मला भरून आलं. पुढे काय वाढून ठेवलंय ते कळलं असतं तर नळ्या उपटून तिथेच दोघींना हात जोडले असते.

धाकटीचा पदार्थ मी तिच्याकडूनच समजून घेतला. धातूच्या गाठी, आणि त्या गाठींना एकमेकींशी जोडणाऱ्या, कार्बनी रेणूंच्या काड्या. त्यांची होते जाळी. जाळीत मोकळ्या खोल्या, त्या खोल्यांत वायू जाऊन बसतो. अशा जाळ्या पुष्कळ जण बनवतात, पण त्या बहुतेक स्फटिक असतात, म्हणजे सगळ्या खोल्या एकसारख्या आणि एका रांगेत. धाकटीची तक्रार अशी की रांगेत खोल्या असल्या की मधून सरळ रस्ते राहतात. आमच्याकडच्या थंड, दमट हवेत तिच्या जाळीत वायू एकीकडून शिरायचा आणि दुसरीकडून बाहेर पडायचा. म्हणून ती ही पावडर पोलादी गोळ्यांबरोबर फिरत्या डब्यात घालून कुटायची, रांग मोडेपर्यंत. जास्त कुटलं की खोल्याच चेंगरतात. कमी कुटलं की रांग शिल्लक राहते. कोणती काडी घ्यायची, गोळे केवढे, कुठे थांबायचं, यातच तिची सगळी हुशारी होती.

"मोडायचं, पण पाडायचं नाही," असं ती म्हणायची.

मला ते माझ्या पद्धतीने कळलं. गोदामात रिकामे क्रेट शिस्तीत रचलेले असले की मधल्या बोळातून मांजर आरामात आरपार जातं. तीच रास धक्का देऊन कलती केली, तर क्रेट तेवढेच, पोकळीही जवळपास तेवढीच, पण आत शिरलेलं मांजर लवकर बाहेर येत नाही. धाकटीला असं बेशिस्त, पण उभं राहिलेलं काहीतरी हवं होतं.

तिला एकाच गोष्टीची धास्ती होती. मूळच्या शिस्तीतल्या पावडरीचा कण. "एखादा कण जरी यात पडला आणि वर दमट हवा लागली ना दादा, की बाकीचे त्याच्याकडे बघून पुन्हा रांगेत उभे राहायला लागतात." म्हणून त्या शेडमध्ये वेगळ्या चपला, वेगळा झाडू, वेगळी फडकी. सख्ख्या भावालाही ती उंबरा ओलांडू द्यायची नाही. मी बाहेर उभा राहून खिडकीच्या काचेतून तिच्याशी बोलायचो.

आता बायकोची बाजू. स्फटिक पावडर तिच्या यंत्रात ठेवली की पडद्यावर उंच काटे उठतात. कुठे उठले आणि केवढे उठले यावरून समोरचा पदार्थ कोण, ते ती चालता चालता सांगते. धाकटीच्या पावडरीचा आलेख म्हणजे मात्र एक बसकं टेकाड. काटा एकही नाही. रांग पुरती मोडली, नमुना पास, असा त्याचा अर्थ.

"याला काय पास म्हणायचं?" बायको कांदा चिरता चिरता म्हणाली. "मी आयुष्यभर चेहरे ओळखत आले. याला चेहराच नाही. उद्या कुणी बाटलीची काच कुटून आणून दिली तरी असंच टेकाड येईल."

"मग ती काच कुटून देतेय का?"

"मी तसं म्हटलं का?"

तसंच म्हटलं होतं. पण माझ्या बायकोचं हे असं आहे. संशय ती स्वतःकडे ठेवत नाही. समोरच्याच्या हातात देते आणि वर म्हणते, हा तुझाच.

मी म्हटलं, अगं, डब्यांतून वायू सोडून बघायची चाचणी दुसरं खातं करतं, तिथे तर तिचे डबे पास होतायत. त्यावर ती म्हणाली, "त्या डब्यांत जाते ती पावडर आणि माझ्याकडे येते ती पावडर एकच आहे, हे कुणी बघितलंय? सगळी टेकाडं सारखी. एकदाच एक चांगली बाटली बनवायची आणि तीच मला फिरवून फिरवून पाठवायची. काटे असते तर मी पकडली असती. टेकाडात काय पकडणार?" कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं बोलून तिने चिरलेला कांदा कढईत लोटला.

धाकटीनेही आगीत तेल ओतायचं बाकी ठेवलं नाही. तपासून झालं की उरलेली पावडर कचऱ्याच्या पिंपात जाते, ही सगळ्यांची रीत. धाकटीने निरोप पाठवला, माझी उरलेली पावडर मला परत हवी. प्रत्येक बाटली. कशाला हवी, ते सांगितलं नाही. ती कुणालाच काही सांगत नाही, लहानपणापासून घुमी. एकदा तिच्या हातून काचेचा जग फुटला, तर तिने तुकडे एकमेकांना टेकवून असे उभे केले की आईने उचलेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. हा प्रसंग मी चुकून एकदा बायकोला सांगितला होता. तिने तो जपून ठेवला होता.

"जगाचे तुकडे लावणारी बाई," ती म्हणाली. "आणि आता उरलेली पावडर परत मागते."

दोघी बोलत नसल्यामुळे बाटल्यांची ने-आण माझ्याकडे आली. रिपोर्ट तयार व्हायच्या आधीच धाकटीची शेड बंद झालेली असायची. म्हणून बायको बाटल्या पर्समध्ये घालून घरी आणायची आणि मी सकाळी कामावर जाताना खिडकीतून धाकटीला द्यायचो. बाटल्या नेल्या, निरोप नेला नाही. लग्न नवं होतं तेव्हा मी इकडचं एक वाक्य तिकडे नेलं होतं आणि तिकडचं उत्तर इकडे आणलं होतं. त्यात दोन्हीकडून असा भाजून निघालो की कानाला खडा लावला. तेव्हापासून मी इकडचं तिकडे करत नाही. चार लोकांत मी हे अभिमानाने सांगायचो. माझ्या घरात शांतता आहे ती माझ्या या तत्त्वामुळे, असं मला खरोखर वाटायचं.

एके दिवशी सकाळी बायको ओट्यापाशी पाठमोरी उभी दिसली. धाकटीची बाटली उघडी होती, शेजारी हिरव्या झाकणाची दुसरी बाटली, आणि बायको इवल्याशा चमच्याने त्या दुसरीतलं धाकटीच्या बाटलीत घालत होती.

"काय घालतेस?"

ती दचकली, पण क्षणभरच. "मीठ. तुझं काम बाटल्या न्यायचं आहे ना? मग ने." मग माझी कॉलर नीट करत हळूच म्हणाली, "खूण करून ठेवतेय. हीच बाटली उद्या नवा नमुना म्हणून माझ्याकडे आली, तर लगेच कळेल मला."

खूण कशाची, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, आणि कळल्यावर धाकटीसमोर तोंड सांभाळत बसावं लागलं असतं. बाटल्या खिशात घातल्या आणि निघालो. नंतरही सकाळी ओट्यापाशी तसा चमचा दिसला, की मी वर्तमानपत्र थोडं वर धरायचो.

शेडच्या खिडकीतून मला पुढचं दिसायचं. धाकटी बाटल्या हातमोजे जोडलेल्या काचेच्या पेटीत घ्यायची आणि एकेक करून लाल चिकटपट्टी लावलेल्या बरणीत ओतायची. बरणी हळूहळू भरत होती.

"ही कसली बरणी?" मी एकदा काचेवर टकटक करून विचारलं.

"माझी आहे."

"फेकत नाहीस ही पावडर?"

"दादा, जास्त डोकं चालवू नकोस, खोकला येईल." असं म्हणाली आणि नजर चुकवून पाठ फिरवली.

तिने नजर चुकवली ते मला लागलं. बायकोचा संशय तोवर मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडत होतो, पण त्या दिवशी तो मध्येच कुठेतरी अडकला. ही पोरगी खरंच तीच पावडर फिरवत असेल का? मी हिला सायकल शिकवली. हॉस्पिटलात ही माझ्या कॉटशेजारी खुर्चीत बसून झोपायची. आणि आता तिच्या बरणीकडे बघताना मला काचेचा जग आठवत होता. स्वतःची लाज वाटली, पण जग आठवायचा थांबला नाही.

इकडे खुणेचे काटे काही बायकोला सापडत नव्हते. येईल तो नमुना स्वच्छ टेकाड.

"मग? नाही ना आली तुझी बाटली फिरून?" मी विचारलं. "म्हणजे खरी आहे ती."

"किंवा हुशार आहे," बायको म्हणाली.

मग साहेबांनी ठरवलं की यंत्रावरच्या चाचण्या पुरे, आता डबा माणसाच्या तोंडावर बघू. साहेब म्हणजे दोघींच्या वरचे. आमच्या मशीनरूममध्ये एक व्हॉल्व्ह बदलायचाच होता. ते काम करताना थोडा वायू निघतोच. पंखे चालू ठेवायचे, दाराशी हवेच्या सिलिंडरचा मास्क तयार ठेवायचा, आणि मी नवा डबा लावून आत जायचं. मी हो म्हटलं. धाकटीला नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण बायकोचं होतं.

त्या दिवशी धाकटी स्वतः डबा घेऊन आली. आमच्याकडच्या भिंतींना नेहमीच पाणी सुटलेलं असतं, फरशी ओली, हवेला मासळीचा वास. साहेब नाकाला रुमाल लावून उभे होते. धाकटीने डब्याचं सील काढलं, तो माझ्या मास्कला फिरवून बसवला आणि मला थोडं बाजूला ओढलं.

"दादा, हा कंपनीच्या ढिगातला नाही. हा मी तुझ्यासाठी वेगळा भरलाय."

"वेगळा म्हणजे?"

"ती बरणी विचारत होतास ना? यात फक्त वहिनींनी पास केलेली पावडर आहे. ढिगात कुठे एखादा कण राहून गेला असेल तर मला दिसणार नाही रे. पण यातली बाटली न् बाटली त्यांच्या यंत्राखालून गेलीय. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही." मग घाईघाईने म्हणाली, "त्यांना सांगू नकोस हं. डोक्यावर बसतील."

मला आधी हसू आलं. मग ओट्यावरचा चमचा आठवला.

मीठ असेल, मी मनाला सांगितलं. मीठच म्हणाली होती. पण जी बाई खुणेसाठी काही घालते ती मीठ कशाला घालेल? साहेब घड्याळाकडे बघत होते. धाकटी माझ्याकडे बघत होती, इतक्या आनंदाने की मला बघवेना. बोललो असतो तर साहेबांसमोर बायकोची नोकरी गेली असती. नाही बोललो तर मास्क घालून आत जायचं होतं. मी घाबरलो. रांगत दाराकडे गेलो होतो तेव्हा घाबरलो नव्हतो तेवढा.

"मी जरा जाऊन येतो," मी करंगळी दाखवून म्हटलं, आणि मुतारीत शिरून बायकोला फोन लावला.

"त्या बाटल्यांत काय घालत होतीस?"

"कुठल्या बाटल्यांत?"

"नाटक करू नकोस. मीठ नव्हतं ना ते?"

"तिचीच मूळची पावडर. न कुटलेली, स्फटिकवाली. माझ्या कपाटात नमुन्याला असते. तिचे काटे मला पाठ आहेत म्हणून. का? आली का फिरून?"

मी सांगितलं. बरणीचं, डब्याचं, वहिनींच्या नजरेचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच इकडचं तिकडे केलं.

"घालू नकोस," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हताच. "मी येतेय. कुणी काहीही म्हणो, तू तो घालू नकोस."

मी परत येऊन मास्कचा पट्टा सैल आहे म्हणालो. मग उलटा बसलाय म्हणालो. मग खोकलो, ते मात्र खरं होतं. साहेबांच्या कपाळाला आठी पडायला लागली तेवढ्यात बायको आली, एप्रन तसाच, पायात खोलीतल्या चपला, ओल्या फरशीवरून घसरत. मला वाटलं ती काहीतरी सारवासारव करेल. रिपोर्टमध्ये घोळ आहे, यंत्र बिघडलंय, असं काही. मी मान डोलवायला तयार होतो.

ती साहेबांकडे गेलीच नाही. सरळ धाकटीसमोर उभी राहिली.

"डबा काढ. तो खराब आहे. मी खराब केलाय."

धाकटी हसली. "काय बोलताय वहिनी?"

बायकोने सगळं सांगितलं. कुटलेल्या काचेचा संशय, चमचा, हिरवं झाकण, खूण. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. धाकटीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं, फक्त आतून कुणी उठून गेल्यासारखं झालं.

"मी दादाच्या तोंडाला काच बांधीन असं वाटलं तुला?" तिने विचारलं. नेहमीचं अहो-जाहो गळून पडलं होतं.

"मला दुसरं काही येत नाही," बायको म्हणाली. "कुणाची काळजी वाटली की मला संशयच येतो. ह्याला त्या दिवशी स्ट्रेचरवर बघितलं, तेव्हापासून मी कुणालाच सोडलं नाही. तुलाही नाही."

साहेबांनी रुमाल खाली घेतला. "आधी तपासा," एवढंच म्हणाले.

आम्ही सगळे एक्स-रेच्या खोलीत गेलो. बायकोने डबा फोडून पावडर काढली, छोट्या थाळीत सपाट केली, थाळी यंत्रात ठेवली. पडद्यावर रेघ सरकायला लागली. आधी नेहमीचं टेकाड आलं, आणि मला वाटलं सुटलो. मग टेकाडाच्या अंगातून काटा उठला. मग दुसरा. मग रांगच लागली. बायको प्रत्येक काट्याला ओळखत होती, तोंडातल्या तोंडात म्हणत होती, हा तिचा, हाही तिचा.

"एवढे?" धाकटी स्टुलावर बसली. "चिमटीभराचे एवढे कसे होतील?"

"चिमटीभराचे नाहीत ते," बायको म्हणाली. "तू कुटलेलीही रांगेत उभी राहिलीय."

बाटल्या पर्समध्ये, माझ्या खिशात, दमट हवेत फिरल्या होत्या. बरणीत बंद झाल्यावर त्यांना निवांत वेळ मिळाला होता. साहेबांनी विचारलं, हा डबा लावून माणूस आत गेला असता तर? धाकटीने माझ्याकडे न बघता सांगितलं, "सुरुवातीला काही कळलं नसतं. मग डब्याने सगळा वायू एकदम सोडला असता." म्हणजे मागच्यासारखंच. फरक एवढाच की या वेळी रांगायला फुफ्फुसं उरली नसती.

"पण बरणी पुन्हा तपासायला का नाही दिलीस?" साहेब म्हणाले.

"एकदा वहिनींनी पास केलेलं पुन्हा काय तपासायचं?" ती म्हणाली, आणि मग रडायला लागली. बायको तिच्या शेजारी उभी होती. हात लावू की नको, असा तिचा हात मध्येच थांबला होता.

मी समजूत घालायला पुढे झालो. तिथेच चुकलो.

"दादा," धाकटीने डोळे पुसले, "बरणी तर तू बघितली होतीस."

"आणि चमचाही बघितला होतास," बायको म्हणाली.

दोघी माझ्याकडे बघत होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दोघी एकाच दिशेला बघत होत्या.

"मी इकडचं तिकडे करत नाही," मी म्हणालो.

इतकी वर्षं अभिमानाने सांगितलेलं वाक्य त्या खोलीत इतकं मूर्खासारखं वाजलं की साहेबसुद्धा खिडकीबाहेर बघायला लागले. धाकटीने हातातला मोजा काढून माझ्या अंगावर फेकला. बायकोने तो उचलून तिला परत दिला, बहुधा पुन्हा फेकता यावा म्हणून.

साहेबांनी बायकोची एकटीची सही बंद केली. यापुढे नमुना तपासताना दोघींनी समोर बसायचं, दोघींनी बघायचं, उरलेली पावडर दोघींच्या देखत पिंपात जायची. बायकोला ते फार लागलं. बरेच दिवस तिला धड झोप नव्हती, आणि मी विचारलं तर म्हणायची, "तू विचारू नकोस, तू नुसतं बघ. तेच येतं तुला." धाकटी तिला पुन्हा वहिनी, तुम्ही म्हणायला लागली, पण आता त्या दोघी भांडतात. कोल्ड स्टोरेजच्या गेटपर्यंत आवाज येतो. किती कुटलं, किती वेळ तपासलं, तुमचं यंत्र जुनं झालंय, तुझे गोळे झिजलेत. घरी आल्यावर बायको अख्खं भांडण मला सांगते, आणि दुसऱ्या दिवशी धाकटी तेच उलट्या बाजूने सांगते. मी दोन्ही ऐकतो आणि जिथलं तिथे पोचवतो. भाजून निघतो, पण पोचवतो.

व्हॉल्व्ह बदलायचा राहिलाच होता. नवा डबा तयार झाला आणि पुन्हा आम्ही त्याच दारापाशी उभे राहिलो. तीच ओली फरशी, साहेबांच्या नाकाला तोच रुमाल. मी मास्क हातात घेऊन विचारलं, "कुणाला काही सांगायचं आहे का?"

"थांब," दोघी एकदम म्हणाल्या.

धाकटीला वाटत होतं की शेवटचं कुटणं थोडं कमी पडलं. बायकोला वाटत होतं की टेकाडाच्या डाव्या अंगाला तिला काहीतरी दिसलं होतं. दोघी डबा घेऊन पळाल्या. साहेबांनी मला विचारलं, घरी असंच असतं का? मी म्हटलं, नाही साहेब, हे नवीन आहे. डबा तसाच्या तसा परत आला. कमी पडलं नव्हतं, दिसलंही नव्हतं.

मी मास्क लावला आणि आत गेलो. दार मागे बंद झालं. पान्याने व्हॉल्व्हचा बोल्ट सैल केला तसा पांढरा वायू फुसकन बाहेर आला आणि मास्कच्या काचेसमोर पसरला. मी श्वास धरून ठेवला होता. किती वेळ धरणार? सोडला आणि आत घेतला.

काही नाही. वास नाही, चुरचुर नाही. आणि मला बायकोचा तो सगळा संशय पहिल्यांदा कळला. नुसतं काही नाही असं समोर आलं की त्यावर विश्वास कसा ठेवायचा? हा डबा टिकतोय म्हणून काही नाही, की अजून संपला नाही म्हणून काही नाही? टेकाडाला चेहरा नसतो म्हणतात ते हे.

मी दाराच्या काचेकडे बघितलं. बायकोचा हात पंखे आणखी जोरात करायच्या खटक्यावर होता. धाकटीने सिलिंडरचा मास्क उचलून त्याचे पट्टे उघडून धरले होते, आत धावायच्या तयारीत. जिने डबा बनवला तिचा डब्यावर विश्वास नव्हता. जिने तो पास केला तिचा स्वतःच्या डोळ्यांवर नव्हता. दोघींच्या नजरा माझ्या छातीवर होत्या, वर होते का, खाली होते का. ते बघून माझी भीती गेली.

दुसरा श्वास घेतला, जरा मोठा. खोकला आला नाही. मी त्यांना अंगठा वर करून दाखवला, सगळं ठीक आहे म्हणून.

दोघींपैकी एकीनेही माझ्यावर विश्वास ठेवला नाही. काचेपलीकडून दोघी हाताने सांगत होत्या, अजून एक घे.